पंप उतरवण्याआधी: ऑक्टेव्हिया १.९ टीडीआयच्या इलेक्ट्रॉनिक डिझेल पंपाची दोषतपासणी

रात्री व्यवस्थित उभी केलेली गाडी सकाळी सुरू होईना, किंवा घाट चढताना अचानक तिची ओढ गेली, की जुन्या डिझेल गाडीच्या मालकाला गॅरेजमध्ये बहुधा एकच निदान ऐकायला मिळते, ते म्हणजे ‘पंप गेला’. पंप उतरवायचा तर टायमिंग बेल्ट सोडवावा लागतो, चारही नोझलच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोट्यांच्या, नळ्या काढाव्या लागतात आणि परत बसवल्यावर टायमिंग पुन्हा जुळवावे लागते. एवढे सगळे झाल्यावर दोष एखाद्या तीन मिलिमीटर जाडीच्या रबरी रिंगमध्ये निघाला, तर खर्चापेक्षा मनस्तापच अधिक होतो. या लेखातील सगळा क्रम म्हणूनच एका आग्रहावर उभा आहे: पंप हा शेवटचा संशयित मानावा, आणि इतर प्रत्येक गोष्ट निर्दोष ठरल्याशिवाय त्याला पाना लावू नये.

उदाहरणासाठी स्कोडा ऑक्टेव्हियाचे १.९ लिटरचे ९० अश्वशक्तीचे टीडीआय इंजिन घेतले आहे. ही गाडी २००१ पासून आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरजवळच्या (तेव्हाच्या औरंगाबादच्या) शेंद्रा येथे तयार होत होती आणि महाराष्ट्रात आजही अनेकांच्या दारात ती उभी दिसते. तिच्यात बॉशचा व्हीपी ३७ हा पंप आहे. पुढच्या लॉराच्या १.९ इंजिनात असा पंपच नाही, तिथे प्रत्येक सिलिंडरवर स्वतंत्र युनिट इंजेक्टर आहे. त्यामुळे खालील गोष्टी त्या गाडीला जशाच्या तशा लावू नयेत.

पंप कसा चालतो

जुन्या यांत्रिक रोटरी पंपात एकच प्लंजर, म्हणजे दट्ट्या, स्वतःभोवती फिरत पुढे-मागे होतो आणि चारही सिलिंडरना आळीपाळीने डिझेल पोहोचवतो. किती डिझेल जायचे हे प्लंजरवरच्या एका सरकत्या कड्याच्या जागेवरून ठरते, आणि ते कडे गव्हर्नरची, म्हणजे वेग आवरणाऱ्या यंत्रणेची, वजने, स्प्रिंग आणि ॲक्सिलरेटरची केबल मिळून हलवतात. व्हीपी ३७ मध्ये प्लंजर आणि कडे तेच आहे, पण गव्हर्नर काढून त्याच्या जागी एक विद्युतचुंबकीय यंत्रणा बसवलेली आहे, जिला मात्रा-नियंत्रक म्हणता येईल. ती कडे हलवते आणि कडे नेमके कुठे आहे हे एक सेन्सर इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, सतत कळवतो. डिझेल किती लवकर किंवा उशिरा फवारायचे हे पंपातल्या टायमिंग पिस्टनवर अवलंबून असते. हा पिस्टन पंपाच्या पोटातल्या डिझेलच्या दाबावर सरकतो आणि तो दाब एका छोट्या विद्युत व्हॉल्व्हने कमी-जास्त केला जातो.

यातून दोन गोष्टी नवख्या माणसाने मनावर कोरून ठेवाव्यात. पहिली अशी की या पंपाला ईसीयूची आज्ञा आणि वीज दोन्ही लागतात, त्यामुळे एखादी गंजलेली तार किंवा चुकीचे सांगणारा सेन्सर पंप बिघडल्याचे हुबेहूब सोंग आणतो. दुसरी अशी की या गाडीत टाकीतून डिझेल पुढे ढकलणारा वेगळा पंप नाही, आणि मागून टाकीपासून सगळे डिझेल हाच पंप स्वतःच्या जोरावर ओढून घेतो. ओढणाऱ्या नळीत कुठेही फट असेल तर डिझेल बाहेर टपकत नाही, हवा आत शिरते. खाली जमिनीवर डाग नाही म्हणून गळती नाही, हा तर्क इथे फसवा ठरतो.

सुरक्षिततेबद्दल एक गोष्ट आधीच सांगणे आवश्यक आहे. पंप आणि नोझल यांच्यामधल्या लोखंडी नळ्यांतला दाब शेकडो बारचा असतो. चालू इंजिनवर गळती शोधताना बोट कधीही फिरवू नये. केसाएवढ्या छिद्रातून सुटलेली डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी ती शस्त्रक्रियेची आणीबाणी असते, हात गमावण्याची वेळ येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा आणि त्यावर ओल उमटते का ते पाहावे. सुरू न होणाऱ्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नये, कारण सिलिंडर तापवणाऱ्या विजेच्या कांडीवर, म्हणजे तापलेल्या हीटर प्लगवर, तो भलत्याच क्षणी पेटतो आणि पिस्टन फोडू शकतो.

पायरी पहिली: वीज

मल्टीमीटर लावून बॅटरी तपासावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत साडेबारा व्होल्टच्या आसपास, आणि सेल्फ मारताना साडेनऊ व्होल्टच्या खाली न जाणारी बॅटरी कामाची समजावी. सेल्फ मंद फिरत असेल तर ईसीयू डिझेल सोडतच नाही आणि माणूस मात्र पंपाला दोष देत राहतो. मंद सेल्फचे कारण नेहमी बॅटरीच असेल असे नाही. बॅटरीकडून बॉडीकडे आणि गिअरबॉक्सकडे जाणारी अर्थिंगची केबल दोन्ही टोकांना सोडवून, घासून पुन्हा आवळावी. कोकणात, किंवा समुद्राजवळ वर्षानुवर्षे राहिलेल्या गाडीत, हे काम सगळ्यात आधी करावे, कारण तिथली दमट खारी हवा अर्थिंगच्या सांध्यांना आतून खाते आणि वरून सगळे ठीक दिसते.

आता किल्ली चालू करून डॅशबोर्डकडे पाहावे. हीटरचा पिवळा दिवा, म्हणजे वेटोळ्याचे चिन्ह, क्षणभर तरी लागला पाहिजे. तो अजिबात लागत नसेल तर ईसीयूला वीज पोहोचत नाही असे समजावे आणि डॅशबोर्डखालचा १०९ क्रमांकाचा रिले काढून पाहावा. या रिलेच्या आतल्या कथलाच्या सांध्यांना वयोमानाने बारीक तडे जातात. मग गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही, आणि कधी चालता चालता शांतपणे बंद पडते. अशा लहरी गाडीत रिले बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि कित्येकदा तोच पुरेसा ठरतो.

इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडत असेल आणि त्याच वेळी किल्लीच्या चिन्हाचा दिवा लुकलुकत असेल, तर तो इमोबिलायझरचा, म्हणजे किल्ली ओळखणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेचा, प्रश्न आहे. दुसरी किल्ली लावून पाहावी. या दोषाचा पंपाशी काहीही संबंध नाही.

पंपावर डिझेल बंद करणारा एक विद्युत व्हॉल्व्ह असतो, ज्याला गॅरेजमध्ये कट-ऑफ म्हणतात. किल्ली चालू करताच त्याच्याकडे बारा व्होल्ट गेले पाहिजेत आणि बारीकसा ‘टक’ असा आवाज यायला हवा. वीज आहे आणि आवाज नाही, तर व्हॉल्व्ह अडकला आहे. वीजच नाही, तर तार, फ्यूज किंवा मागची आज्ञा शोधावी लागेल.

हीटर प्लगबद्दल आपल्याकडे अवास्तव धास्ती आहे. या इंजिनात कूलंट साधारण ९ अंशांच्या खाली असेल तरच हीटर तापवले जातात, त्यामुळे महाराष्ट्रातल्या बहुतेक सकाळी त्यांची पाळीच येत नाही. मे महिन्यात पुण्यात गाडी सुरू होत नसेल तर हीटर बदलून काही साधणार नाही. मात्र गाडी चालू असताना तोच दिवा लुकलुकू लागला तर त्याचा अर्थ वेगळा होतो: ईसीयूने कुठला तरी दोष नोंदवला आहे. हा दोष अनेकदा ब्रेकच्या पेडलवरच्या स्विचचा असतो, कारण ईसीयू त्या स्विचकडून दोन वेगळे संकेत घेते आणि ते जुळले नाहीत की दिवा लुकलुकतो.

पायरी दुसरी: डिझेल आणि हवा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण पंपावर खोटा आळ येण्याचे हे सगळ्यांत मोठे कारण आहे. गाडीने हवा धरल्याची लक्षणे ओळखीची असतात. रात्रभर उभी राहिल्यावर सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, गाडी नाक वर करून चढावर उभी केली तर त्रास वाढतो, सुरू झाल्यावर इंजिन काही क्षण मिसिंग करते आणि एकदा चालू लागले की दिवसभर तक्रार नसते. उभ्या गाडीत बारीक फटीतून हवा आत येते, नळीतले डिझेल मागे टाकीकडे उतरते आणि सकाळी पंपाच्या तोंडाशी डिझेलऐवजी हवा असते.

पंपाच्या आत येणाऱ्या नळीच्या जागी, आधीच पारदर्शक नळी नसेल तर, फूटभर लांबीची डिझेल सहन करणारी पारदर्शक नळी क्लिपा घट्ट आवळून लावावी. तशीच दुसरी पंपातून परत जाणाऱ्या बाजूला लावावी. इंजिन सुरू करून उजेडात पाहावे. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा जाणे चालते, पण इंजिन तापल्यावरही बुडबुड्यांची रांग थांबत नसेल तर हवा येत आहे. पहिला संशय फिल्टरवर बसणाऱ्या टी आकाराच्या व्हॉल्व्हच्या दोन रिंगांवर घ्यावा. थंडीत परतीचे कोमट डिझेल फिल्टरमध्ये वळवण्यासाठी हा व्हॉल्व्ह असतो. फिल्टर बदलताना जुन्याच रिंगा परत बसवल्या जातात आणि त्रास नेमका सर्व्हिसिंगनंतर सुरू होतो. ‘कालच सर्व्हिसिंग केले आणि आज सुरू होत नाही’ असे कोणी म्हटले, तर मी आधी तिथेच पाहतो.

फट कुठे आहे ते समजत नसेल तर एक निर्णायक चाचणी आहे. स्वच्छ डबा घेऊन त्यात गाळलेले डिझेल भरावे, तो पंपाच्या उंचीवर पण गरम भागांपासून दूर घट्ट बांधावा, आणि पंपाची ओढणारी व परतीची अशा दोन्ही नळ्या थेट डब्यात सोडाव्यात. म्हणजे टाकी, फिल्टर आणि गाडीखालून येणाऱ्या नळ्या या सगळ्या वगळल्या जातात. अशा स्थितीत रात्रभर ठेवून गाडी सकाळी चटकन सुरू झाली, तर पंप निर्दोष ठरला आणि दोष मागच्या वाटेवर आहे हे सिद्ध झाले. येणाऱ्या नळीत एकही बुडबुडा नाही आणि परतीच्या नळीत मात्र बुडबुडे सतत येत आहेत, असे दिसले तर हवा पंपाच्याच सीलमधून शिरते आहे. पंपावर पहिला खरा पुरावा मिळतो तो असा.

सीलचा प्रश्न वयाचा आहे, तसाच इंधनाचाही. या गाड्या नव्या होत्या तेव्हाच्या बीएस २ (भारत स्टेज २) डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा ५०० पीपीएम (दहा लाखांत ५०० भाग) होती, तर १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस ६ डिझेलमध्ये ती १० पीपीएम आहे. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले इतर घटकही बदलतात, आणि जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेले रबर नव्यात किंचित आकसते. तरुण सील हे सोसते, वीस वर्षांचे ताठ झालेले सील सोसत नाही. पंपाच्या वरच्या झाकणाखाली किंवा डोक्याभोवती ओल दिसत असेल तर फक्त सील-किट घालून काम भागते का, हे आधी विचारावे.

फिल्टर बदलल्यावर किंवा नळ्या उघडल्यावर पंप कोरडा फिरवू नये, कारण त्याच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचेच असते. नवा फिल्टर डिझेलने भरूनच बसवावा आणि हातातल्या व्हॅक्यूम पंपाने परतीच्या वाटेने, बुडबुडे थांबेपर्यंत, डिझेल ओढून घ्यावे. हे केले की सेल्फचे हाल होत नाहीत. तरीही गाडी सुरू झाली नाही, तर नोझलकडचे नट एक फेरा सैल करून, तोंड दूर ठेवून, दहा-पंधरा सेकंदांच्या टप्प्यांत सेल्फ मारावा आणि डिझेल दिसताच नट आवळावेत. दोन टप्प्यांत सेल्फला मिनिटभर विश्रांती द्यावी.

पायरी तिसरी: स्कॅनर काय सांगतो

आता स्कॅनर जोडावा. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांचे मोजमापाचे गट, म्हणजे चालू आकड्यांचे क्रमांक दिलेले संच, दाखवणारा स्कॅनर हवा, नुसते कोड वाचणारे स्वस्त यंत्र इथे अपुरे पडते. आधी सगळे कोड लिहून घ्यावेत, मगच पुसावेत आणि गाडी चालवून कोणते परत येतात ते पाहावे. वर्षानुवर्षे साचलेल्या कोडवरून पार्ट मागवू नयेत.

सुरू न होणाऱ्या गाडीत सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम दिसतो का, हे पाहावे. शून्य दिसत असेल तर क्रँकचा सेन्सर किंवा त्याची तार गेली आहे, आणि इंजिन फिरते आहे हेच ईसीयूला माहीत नसल्यामुळे ती डिझेल सोडणार नाही. त्यानंतर थंड इंजिनवर कूलंट, आत येणारी हवा आणि डिझेल या तिन्हींची तापमाने पाहावीत. रात्रभर उभ्या गाडीत ती जवळपास सारखी असली पाहिजेत. कूलंटचा सेन्सर गार सकाळी ८० अंश सांगत असेल, तर ईसीयू थंड इंजिनाला गरम इंजिनाएवढेच डिझेल देते आणि गाडी रडत-रडत सुरू होते.

पी १२४८ हा कोड, म्हणजे टायमिंगमधली तफावत, नवख्यांना सर्वांत जास्त फसवतो. तो दिसला की टायमिंग बेल्ट किंवा पंप असा निष्कर्ष काढला जातो. पण वर सांगितल्याप्रमाणे टायमिंगचा पिस्टन पंपाच्या पोटातल्या दाबावर सरकतो, आणि डिझेलमध्ये हवा असली किंवा फिल्टर चोंदलेला असला तर तो दाबच तयार होत नाही. म्हणून हा कोड आला की दुसऱ्या पायरीवर परत जावे. याच कोडबरोबर तिसऱ्या सिलिंडरच्या नोझलमधल्या सुईच्या सेन्सरचा कोड असेल, तर त्या सेन्सरचा रोध मोजावा. तो साधारण ८० ते १२० ओहम असायला हवा. प्रत्यक्ष फवारा केव्हा सुरू झाला हे ईसीयूला या एकाच सेन्सरवरून कळते, आणि तो गेला की ती डिझेल कमी करून गाडी सांभाळून चालवते. हे दोन्ही निर्दोष ठरले आणि बेल्ट नुकताच बदललेला असेल, तर मात्र टायमिंग गरम इंजिनवर स्कॅनरने तपासून घ्यावे.

गट १ मध्ये, इंजिन पूर्ण तापलेले, एसी आणि दिवे बंद, आयडलिंग ९०० आरपीएमच्या आसपास असताना दिसणारी डिझेलची मात्रा ही पंपाची नाडी आहे. प्रत्येक फवाऱ्याला ३ ते ५ मिलिग्रॅम असा आकडा चांगला मानावा. इथे वाचताना गल्लत होते, म्हणून सावकाश समजून घ्यावे. हा आकडा ईसीयूचा अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजलेले डिझेल नाही. तो दोनच्या खाली असेल तर पंप ईसीयूच्या समजुतीपेक्षा जास्त डिझेल देत आहे, आणि मग गाडी झटके देते, धूर काढते. तो फार वर असेल तर पंप कमी देत आहे, त्यामुळे पिकअप मरते आणि सुरू व्हायला वेळ लागतो.

गट १३ मध्ये प्रत्येक सिलिंडरला सरासरीपेक्षा किती कमी-जास्त डिझेल द्यावे लागते ते दिसते. सगळे आकडे शून्याजवळ असावेत. एकच सिलिंडर वेगळा पडत असेल तर त्याचे नोझल किंवा कॉम्प्रेशन तपासावे. पंपाचा प्लंजर चौघांना एकच असल्यामुळे तो बिघडला तर सहसा एकट्या सिलिंडरवर राग काढत नाही.

पायरी चौथी: गाडी ओढत नाही

सुरू नीट होते, पण पिकअप नाही, अशा तक्रारीत डिझेलआधी हवेकडे पाहावे. एअर फिल्टरनंतरचा हवा मोजणारा सेन्सर हळूहळू मरतो आणि कोड देत नाही. मोकळ्या रस्त्यावर, शेजारी बसलेल्या माणसाने स्कॅनर वाचत असताना, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिल्यावर ३००० आरपीएमला प्रत्येक स्ट्रोकमागे ८०० मिलिग्रॅमहून अधिक हवा दिसली पाहिजे. त्याचा प्लग काढून चालवल्यावर गाडी उलट अधिक जोमाने पळत असेल, तर सेन्सर खोटे बोलत होता.

ओव्हरटेक करताना एकदम ताकद जाते आणि किल्ली बंद-चालू केल्यावर परत येते, हे टर्बोच्या दाबाचे लक्षण आहे. पी १५५७ कोड म्हणजे दाब मर्यादेबाहेर वाढला. ज्या इंजिनांत बदलत्या पात्यांचा टर्बो आहे, तिथे शहरातल्या संथ वाहतुकीत साचलेल्या काजळीने पाती अडकतात. हातातल्या व्हॅक्यूम पंपाने टर्बोचा दांडा ओढून तो न अडखळता सरकतो का, ते पाहावे. दाब कमी पडत असेल तर आधी व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या आणि इंटरकूलरचे जाड होज तपासावेत. टर्बोचा सेन्सर तपासण्याची युक्ती साधी आहे. इंजिन बंद ठेवून किल्ली चालू केली की त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे, म्हणजे मुंबईत साधारण १०१० आणि पुण्यात ९५० मिलिबारच्या आसपास.

पायरी पाचवी: आता पंप

इथवर सगळे निर्दोष ठरले, तरच पंपाकडे वळावे. पंपाच्या कनेक्टरच्या दोन्ही बाजू उघडून हिरवट गंज किंवा डिझेलची ओल पाहावी. वायरिंगच्या नकाशाप्रमाणे मात्रा-नियंत्रकाच्या वेटोळ्याचा रोध मोजावा, तो साधारण अर्धा ते अडीच ओहम असतो. त्याच्या सेन्सरची दोन वेटोळी पाच ते साडेसात ओहमच्या दरम्यान आणि एकमेकांसारखी असावीत. परतीच्या नळीतले डिझेल पांढऱ्या कपड्यावर गाळून पाहावे. त्यात चमकणारी धातूची पूड दिसली तर पंप आतून झिजला आहे, आणि ती पूड नोझलमध्येही गेली असणार.

गरम इंजिन सुरू होत नाही, पण गार झाल्यावर होते, हे झिजलेल्या पंपाचे सर्वांत प्रामाणिक लक्षण आहे. तापलेले पातळ डिझेल झिजलेल्या प्लंजरच्या बाजूने निसटते. मात्र गरम असताना सेल्फ मंद फिरतो का, हे आधी पाहिलेले असले पाहिजे.

पंपाचे झाकण सैल करून हातोडीने टोले देत मात्रा जुळवण्याचा एक उपाय अनेक जण हौसेने करतात. नवख्याने तो करू नये. केसाएवढ्या सरकण्याने मात्रा बदलते, आणि मूळ जागेची खूण केलेली नसेल तर मागे येण्याची वाट उरत नाही. झाकण काढणे अटळच असेल, तर आधी झाकण आणि पंप या दोन्हींवर टोकदार सुईने आडवी रेघ ओढून ठेवावी.

पंप दुरुस्तीला देताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा, तो म्हणजे त्यांचा टेस्ट-बेंच मात्रा-नियंत्रकाला विद्युत आज्ञा देऊन पंप तपासू शकतो का. साध्या यांत्रिक बेंचवर हा पंप फिरेल, पण योग्य मात्रा देतो की नाही ते कळणार नाही. पंप घेऊन जाण्याआधी गट १, ४ (टायमिंगचा गट) आणि १३ मधले आकडे, इंजिनाच्या तापमानासह, वहीत लिहून ठेवावेत, आणि पंप परत बसवून हवा काढल्यावर, इंजिन तितकेच तापवून, तेच आकडे पुन्हा घेऊन शेजारी लिहावेत. ते जुळेपर्यंत काम पूर्ण झाले असे मानून पैसे चुकते करू नयेत.